दहावी ओळ कुठे आहे?

परवा एका शाळेच्या गणित प्रदर्शनात एक तक्ता पाहिला. १ चा वर्ग, ११ चा वर्ग, असं करत नवव्या ओळीत १११११११११ चा वर्ग: १२३४५६७८९८७६५४३२१. कडेने नक्षी, खाली ‘संख्यांचा चमत्कार’. पुढची ओळ का नाही, असं विचारलं तर मुलगी म्हणाली, “नऊपर्यंतच असतं. सरांनी तेवढंच लिहायला सांगितलं.” आठवडाभर ते ‘तेवढंच’ डोक्यातून गेलेलं नाही.

गुणाकार मांडून बघा. १११ ची प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून लिहा आणि उभ्या रकान्यांतले एक मोजा: एक, दोन, तीन, दोन, एक. म्हणून १२३२१. संख्येत नऊ एक असले की मधल्या रकान्यात नऊ जमतात आणि एका अंकात मावतात. दहा असले की तिथे दहा होतात. शून्य मांडायचं, हातचा एक. तो शेजारच्या नवात मिळवला की पुन्हा दहा, पुन्हा हातचा. तो आठात जातो, आठाचा नऊ होतो, आणि गाडं तिथे थांबतं. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गेला, उतरणीवरचा जागेवर राहिला.

आता १२३४५६७९ ही संख्या घ्या, ९ ने गुणली की नऊ एक देणारी. तिच्यातही आठ नाही, आणि कारण अगदी हेच. १ भागिले ९ म्हणजे ०.१११…, न संपणारे एक. त्याचा वर्ग १ भागिले ८१. गुणाकार तोच, फक्त रकाने उतरतच नाहीत: एक, दोन, तीन, असे चढत दहावर जातात, हातचा मागे येतो, नवाचं शून्य होतं, आठाचा नऊ होतो. म्हणून ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… दोन ठिकाणी हरवलेला आठ एकाच हातच्याने नेला, हे ज्या मुलाला स्वतःहून दिसेल त्याला गणित परकं वाटणार नाही.

दुसरीत हातचा ‘वर मांडायची खूण’ म्हणून शिकवतात आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढत नाहीत. गणिताची भीती तिथेच रुजते, असं माझं ठाम मत आहे.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी तक्त्यातल्या अशा संख्यांना डेम्लो म्हटलं, त्या काळच्या जीआयपी रेल्वेच्या त्याच नावाच्या स्थानकावरून. तेच आजचं डोंबिवली. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक सर्वांना पाठ आहे, डेम्लो फारशी कुणाला ठाऊक नाही. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद हे नावही त्यांचंच. नवव्या ओळीतल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं की बरोबर १२३४५६७९ चा वर्ग मिळतो. म्हणजे ती हर्षदही आहे. दहावीची बेरीज ८२. ती संख्या विषम, त्यामुळे ८२ ने भाग जाणारच नाही.