‘पहिला’ या शब्दाआड राहिलेला गोलरक्षक

१/
आर्थर व्हार्टन हे नाव आज बहुतेकांना एकाच वाक्यातून भेटते : जगातील पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू. या एका वाक्याने त्याला विस्मृतीतून बाहेर काढले, हे खरे. पण त्याच वाक्याने त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग झाकूनही टाकला. व्हार्टनने आपली उमेदीची वर्षे उत्तर इंग्लंडच्या लहानसहान संघांचे गोल राखण्यात घालवली. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याच्याकडे या बाजूने पाहणे अधिक गरजेचे आहे, असा या धाग्याचा मुद्दा आहे.

२/
जन्म २८ ऑक्टोबर १८६५, जेम्सटाउन, अक्रा. तेव्हा ही ब्रिटिशांची गोल्ड कोस्ट वसाहत होती, आज तो घाना देश आहे. वडील हेन्री व्हार्टन हे कॅरिबियनमधील ग्रेनाडा बेटावरून आलेले मेथडिस्ट धर्मोपदेशक, त्यांच्या अंगात स्कॉटिश रक्तही होते. आईचे घराणे फांटी राजकुळाशी नाते सांगणारे. मुलानेही धर्मप्रसाराचे काम करावे म्हणून १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. म्हणजे तो आला तो मजूर म्हणून नव्हे, वसाहतीतील सुशिक्षित, सुस्थित कुटुंबाचा मुलगा म्हणून. पुढचा प्रवास समजून घेताना हा आरंभ ध्यानात ठेवावा लागतो.

३/
डार्लिंग्टनला शिकत असताना धर्मशास्त्रापेक्षा मैदानाची ओढ बलवत्तर ठरली. जुलै १८८६ मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर हौशी धावपटूंच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत त्याने १०० यार्डांची शर्यत १० सेकंदांत जिंकली. पुढच्या वर्षी हे अजिंक्यपद त्याने राखलेही. डार्लिंग्टनसाठी गोल राखताना त्याचे नाव झाले आणि त्याला प्रेस्टन नॉर्थ एंड या त्या काळच्या बलाढ्य संघात स्थान मिळाले. १८८७ मध्ये एफए चषकाच्या उपांत्य फेरीत प्रेस्टनचा गोलरक्षक तोच होता. तो सामना मात्र वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने जिंकला.

४/
१८८८ मध्ये, धावण्याकडे अधिक लक्ष देण्यासाठी, त्याने प्रेस्टन सोडले. नेमक्या त्याच वर्षी बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्याच हंगामात प्रेस्टनने एकही लीग सामना न गमावता विजेतेपद पटकावले, आणि वर एफए चषकही जिंकला. तो संघ ‘अजिंक्य’ या नावाने अजरामर झाला. व्हार्टनचे नाव त्या यादीत नाही. एका निर्णयाने माणूस कीर्तीच्या उंबरठ्यावरून मागे फिरला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो निर्णय घेताना पुढच्या हंगामाचा निकाल कोणालाच ठाऊक नव्हता. घडून गेलेल्या गोष्टींवरून आधीच्या निवडी जोखणे हा इतिहासलेखनातील जुना दोष आहे.

५/
फुटबॉल खेळून उघडपणे पैसे घेण्यास इंग्लंडमध्ये जुलै १८८५ मध्ये मान्यता मिळाली. तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, ‘हौशी’ म्हणजे सभ्य गृहस्थ आणि ‘व्यावसायिक’ म्हणजे पोटार्थी, अशी वर्गाची सरळ रेषा आखलेली होती. व्हार्टनने आधी व्यावसायिक धावपटू आणि मग १८८९ मध्ये रॉदरहॅम टाउनचा पगारी गोलरक्षक होऊन ही रेषा ओलांडली. धर्मोपदेशकाच्या मुलाने पोटासाठी खेळावे, हे त्या काळच्या प्रतिष्ठित नजरेला अधःपतनच वाटले असणार. रोजगार म्हणून पाहिले, तर तो एका नव्याने जन्मलेल्या व्यवसायातील पहिल्या पिढीचा कारागीर होता.

६/
रॉदरहॅम हे कोळसा आणि लोखंडाचे गाव. तिथे व्हार्टन पाच हंगाम टिकला. १८९० मध्ये एमा लिस्टर हिच्याशी त्याचे लग्न झाले. गावात त्याने मद्यालयही चालवले, कारण त्या काळच्या अनेक खेळाडूंप्रमाणे त्यालाही खेळाला दुसऱ्या मिळकतीची जोड हवी होती. रॉदरहॅम टाउनने लागोपाठ दोन वेळा मिडलंड लीग जिंकली आणि १८९३ मध्ये फुटबॉल लीगच्या दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळवला. व्हार्टनच्या कारकिर्दीतील सर्वांत स्थिर काळ हाच. त्याच्यावरील चार ओळींच्या टिपणात नेमका हाच काळ गाळला जातो.

७/
त्या काळचे गोलरक्षण आजच्यासारखे नव्हते. गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येई. हा अधिकार १९१२ मध्ये पेनल्टी क्षेत्रापुरता मर्यादित झाला. सदराही इतर दहाजणांसारखाच असे. वेगळ्या रंगाचा सदरा १९०९ पासून सक्तीचा झाला. प्रतिस्पर्ध्याने खांद्याची धडक देऊन गोलरक्षकाला चेंडूसकट गोलरेषेपलीकडे लोटले, तर तो गोल धरला जाई. म्हणून झेलण्यापेक्षा ठोसा मारून चेंडू दूर धाडणे शहाणपणाचे होते, आणि व्हार्टनचा ठोसा प्रसिद्ध होता. गोलच्या कडेला दबा धरून बसायचे आणि अखेरच्या क्षणी झेप घ्यायची, ही त्याची लकब.

८/
१९४२ मध्ये शेफील्डच्या एका वर्तमानपत्रात एका वृद्ध प्रेक्षकाचे पत्र प्रसिद्ध झाले. व्हार्टनने उडी मारून आडवा दांडा धरला, चेंडू दोन्ही पायांमध्ये पकडला आणि चालून आलेले तीन आक्रमक तोल जाऊन जाळ्यात कोसळले, अशी आठवण त्यात होती. अर्धशतकानंतर सांगितलेली आठवण पुरावा म्हणून जपूनच वापरावी लागते. मात्र त्यातून एक गोष्ट निःसंशय कळते. व्हार्टन मरून बारा वर्षे झाली, महायुद्ध चालू होते, तरी त्याला खेळताना पाहिलेल्या सामान्य माणसाच्या मनातून तो गेला नव्हता. ज्याला आपण ‘विस्मृती’ म्हणतो ती बहुतेकदा छापील इतिहासाची विस्मृती असते.

९/
वर्णद्वेषाचा प्रश्न येथे टाळता येत नाही. १८८७ मध्ये एका क्रीडा नियतकालिकाने त्याच्या वर्णावरून हिणकस शब्द वापरला आणि गोलपोस्टांमधली जागा गंमतीजमतीची नव्हे, हे याच्या जाड डोक्यात शिरत नाही काय, असा सवाल केला. काहीजण ज्याला त्याचा थंडपणा म्हणून वाखाणत होते, त्याचीच येथे खिल्ली उडवली गेली. मैदानावरचा तोच प्रसंग एकाला कौशल्य वाटतो आणि दुसऱ्याला मर्कटचेष्टा, यात पाहणाऱ्याचा पूर्वग्रह किती आहे, हे ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

१०/
१८९४ मध्ये शेफील्ड युनायटेडने दोन गोलरक्षक घेतले. एक अठ्ठाविशीचा व्हार्टन. दुसरा विशीतला विल्यम फोक, डर्बीशायरमधील ब्लॅकवेलच्या खाणीतून आलेला धिप्पाड तरुण, जो पुढे इंग्लंडकडून खेळला आणि आपल्या अवाढव्य देहामुळे दंतकथा बनला. जागा एकच होती आणि ती फोकला मिळाली. २३ फेब्रुवारी १८९५ रोजी व्हार्टन सुंदरलंडविरुद्ध उतरला, आणि पहिल्या श्रेणीत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. शेफील्डकडून पहिल्या श्रेणीतील त्याचा हा एकमेव सामना. म्हणजे ज्या दिवसाला आज ‘ऐतिहासिक’ म्हटले जाते, त्या दिवशी तो राखीव खेळाडू म्हणून उभा होता.

११/
त्यानंतरची यादी वाचताना रेल्वेचे वेळापत्रक वाचल्यासारखे वाटते. पुन्हा रॉदरहॅम टाउन, जो संघ १८९६ मध्ये लीगमधून बाहेर पडला. मग स्टॅलीब्रिज रोव्हर्स. मग ॲश्टन नॉर्थ एंड, ज्याचे १८९९ मध्ये दिवाळे वाजले. पुन्हा स्टॅलीब्रिज. शेवटी १९०१-०२ च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीतील स्टॉकपोर्ट काउंटीकडून सहा लीग सामने. १९०२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्याचा खेळ संपला.

१२/
ही भटकंती केवळ त्याच्या स्वभावाची नव्हती, त्यामागे व्यवस्था होती. १८९३ पासून लीगमधील खेळाडूला करार संपल्यावरही क्लबच्या परवानगीवाचून दुसऱ्या लीग क्लबात जाता येत नसे. १९०१ मध्ये वेतनावर आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा आली. १८९८ मध्ये स्थापन झालेली खेळाडूंची संघटना लवकरच मावळली, आणि टिकाऊ संघटना १९०७ मध्ये उभी राहिली. तोवर व्हार्टन निवृत्त होऊन पाच वर्षे लोटली होती. दुखापत, म्हातारपण किंवा क्लबाचे दिवाळे, यांपैकी कशापासूनही त्याच्या पिढीला संरक्षण नव्हते.

१३/
निवृत्तीनंतर तो डॉनकास्टरजवळच्या एडलिंग्टन येथे यॉर्कशायर मेन कोळसाखाणीत कामगार झाला. फोक खाणीतून फुटबॉलमध्ये आला आणि व्हार्टन फुटबॉलमधून खाणीत गेला. त्या काळच्या उत्तर इंग्लंडमध्ये ही दोन टोके एकाच रस्त्यावर होती. १३ डिसेंबर १९३० रोजी व्हार्टनचा मृत्यू झाला. त्याच्या थडग्यावर नावही नव्हते. शेफील्डमधील ‘फुटबॉल युनाइट्स, रेसिझम डिव्हाइड्स’ या वर्णद्वेषविरोधी संस्थेच्या प्रयत्नांनी १९९७ मध्ये तिथे शिळा बसली. २००३ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या सन्मान-दालनात त्याचा समावेश झाला आणि २०१४ मध्ये सेंट जॉर्जेस पार्क या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात त्याचा पुतळा उभा राहिला.

१४/
येथे एक रास्त आक्षेप येतो. ‘पहिला’ हे बिरुद नसते, तर ती शिळा बसली असती का? बहुधा नाही. चळवळींना ठळक नावे लागतात, आणि फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांचा वावर कालपरवाचा नाही हे दाखवण्यासाठी व्हार्टनचे नाव फार मोलाचे ठरले. परंतु ‘पहिला’ हा शब्द ठिसूळ असतो. दिमेरारात जन्मलेल्या अँड्र्यू वॉटसनने १८८१ मध्येच स्कॉटलंडचे नेतृत्व करून इंग्लंडला ६-१ असे हरवले होते. तो हौशी गणला जातो. पुढे बूटल क्लबाकडून खेळताना त्याला मोबदला मिळाला असेल काय, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. उद्या एखादी जुनी हिशेबवही सापडली आणि बिरुद दुसऱ्याकडे गेले, तर व्हार्टनचे महत्त्व संपणार काय?

१५/
ते संपू नये, असे वाटत असेल तर त्याचे महत्त्व अधिक भक्कम जागी शोधावे लागेल. वर्ण, वसाहत आणि श्रम या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात कशा गुंतल्या, हे या कारकिर्दीत दिसते. राजकुळाशी नाते असलेला मुलगा इंग्लंडमध्ये कामगारवर्गात मिसळला, तिथेच लग्न करून राहिला, आणि त्याच वर्गाची अनिश्चितता त्याच्याही वाट्याला आली. वर्णामुळे त्याने अधिक अपमान सोसला. दारिद्र्य मात्र त्याने त्याच्या गोऱ्या सोबत्यांसह सोसले. या दोहोंपैकी एक गोष्ट गाळली की चित्र अपुरे राहते.

१६/
व्यावसायिक फुटबॉल उभा राहिला तो प्रेस्टनच्या अजिंक्य संघाइतकाच, दिवाळे निघालेल्या ॲश्टनच्या आणि गडगडलेल्या रॉदरहॅमच्या खेळाडूंमुळे. त्यांतील बहुतेकांच्या कपाळी कोणतेही ‘पहिलेपण’ नव्हते, म्हणून त्यांची थडगी आजही कोणी शोधत नाही. व्हार्टनच्या कबरीवरची शिळा त्या सर्वांकडे बोट दाखवणारी ठरली, तर तिचे सार्थक होईल. पुढच्या वेळी कुठेही ‘पहिला’ हा शब्द वाचनात आला, की त्या माणसाने त्या दिवसानंतर पोट कसे भरले, एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.

(धागा समाप्त)