खुंटी तुझीच आहे

माझ्या माहेरी तालीम म्हणतात, सासरी गरडी. नाव काहीही घ्या, माती तीच, तेल-ताक-हळद घातलेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि तालीम काय, गरडी काय, दोन्हींना कुलपं पडली. नणंदेचा धाकटा तेव्हा आमच्याकडे शिकायला होता. तो माळ्यावर बैठका मारू लागला. खाली पोपडे पडायचे आणि सासूबाई कन्नडातून त्याचा उद्धार करायच्या. पुढं २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर निगेटिव्ह अहवाल मागू लागले. मग लढायला कोल्हापूरचा जोडीदार कुठून मिळणार?

अंतर ठेवा म्हणे! कुस्तीत अंतर ठेवायचं म्हणजे कुस्तीच सोडायची की.

हाच पेच जपानच्या सुमोवाल्यांपुढंही होता. त्यांच्या तालमी आपल्यासारख्याच. मल्ल एका छताखाली राहतात, एकाच भांड्यातलं जेवतात. मार्च २०२० ची ओसाकाची स्पर्धा त्यांनी प्रेक्षकांविना भरवली. असं याआधी झालं होतं ते १९४५ साली, युद्धात. मल्लांनी रेल्वेनं यायचं नाही, मास्क लावून टॅक्सीनं यायचं. सलग दोन दिवस साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या वर ताप असला तर लढायचं नाही. एकालाही लागण निघाली तर स्पर्धा तिथंच बंद. पंधरा दिवस निभावले आणि हाकुहो जिंकला.

त्यातला पाण्याचा नियम माझ्या मनात राहिला. लढतीआधी मल्लाला लाकडी पळीतून पाणी देतात, त्याला ते बळाचं पाणी म्हणतात. ते द्यायचं त्याच बाजूच्या, नुकत्याच जिंकलेल्या मल्लानं. हरलेल्याच्या हातचं घ्यायचं नाही. ओसाकाला मल्ल पळी तोंडाजवळ नेल्यासारखं करायचा आणि न पिता परत द्यायचा. लगेच पुढं दोघे छातीला छाती भिडवून घामाघूम व्हायचे! म्हणजे पळी चालत नाही, मिठी चालते. हसू येतं, पण दुसरं करणार तरी काय? भोवतालचं सगळं बदलता येईल, लढत कशी बदलणार?

मे महिन्याची स्पर्धा रद्दच झाली. त्याच महिन्याच्या १३ तारखेला शोबुशी हा अवघ्या २८ वर्षांचा मल्ल कोरोनानं गेला. त्याला मधुमेह होता. जुलैत टोकियोला पुन्हा लढती सुरू झाल्या. रोज जेमतेम अडीच हजार प्रेक्षक, चौघांच्या चौकटीत एकटा माणूस, ओरडायचं नाही, फक्त टाळ्या. ती स्पर्धा तेरुनोफुजीनं मारली. गुडघ्यांनी आणि मधुमेहानं तो वरून दुसऱ्या श्रेणीतून खालून दुसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला होता, तिथून वर आलेला गडी! त्याला आरोळ्या मिळायला हव्या होत्या.

नियम मोडणाऱ्यांना शिक्षाही कडक. असानोयामा हा मोठ्या श्रेणीचा मल्ल रात्री बाहेर फिरला म्हणून २०२१ मध्ये सहा स्पर्धांना मुकला. ते ठीकच झालं. पण त्याच वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट मला पटत नाही. लागण झालेले आणि त्यांच्या संपर्कातले मिळून ६५ मल्ल स्पर्धेबाहेर बसले. त्यांच्या श्रेणीला धक्का लावला नाही. खालच्या श्रेणीतल्या २२ वर्षांच्या एका मल्लाच्या हृदयावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. या वेळी मला बसू द्या, असं त्यानं विनवलं. उत्तर आलं, भीती हे कारण धरता येत नाही. लढ, नाहीतर निवृत्त हो. तो निवृत्त झाला. मोजमापाला तापमापी होती. त्याच्या भीतीसाठी मात्र रकानाच नव्हता.

आमच्याकडं तालीम उघडली, तरी नणंदबाईंनी पोराला आणखी दोन महिने पाठवलं नाही. त्यांच्या घरात दम्याचं माणूस. पोरगा रुसून बसला, वस्ताद काय म्हणतील याचीच त्याला चिंता. शेवटी मीच वस्तादांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘त्याला सांगा, लंगोट जिथं टांगत होता ती खुंटी त्याचीच आहे. आईनं हो म्हटलं की ये.’’