हिंवताप आणि रोवणीचा मजूर

भामरागडाकडील हिंवतापाविषयीं आमच्या कृषिबंधूंत एक समजूत दृढ आहे: रात्रीं चढलेला ताप सकाळीं उतरला कीं मजूर बांधींत उतरण्यास मोकळा. ही समजूत घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं अतिक्रमणाचीं प्रकरणें पुष्कळ पाहिलीं. परंतु या जंतूइतका धूर्त अतिक्रमक पाहिला नाहीं. अ‍ॅनॉफिलीस डांसाची मादी चावली म्हणजे तिच्या लाळेंतून तो रक्तांत व तेथून यकृतांत जातो, तेथील पेशींस चिकटून आंत शिरतो आणि सुमारें आठवडाभर मुकाट्यानें वाढतो. रोग्यास पत्ताही नसतो. पुढें हजारोंच्या संख्येनें बाहेर पडून तो तांबड्या पेशींवर चालून जातो. पेशीस स्पर्श होतांच तो आपलें टोंक तिच्याकडे वळवितो, आपल्याजवळचें एक प्रथिन तिच्या आवरणांत रोवतो, आणि त्यासच घट्ट धरून मिनिटाभरांत आंत शिरतो. परक्याच्या शेतांत स्वतःच हद्दीचा दगड पुरावयाचा आणि त्याच दगडावरून मालकी सांगावयाची, तशांतलाच हा प्रकार!

फाल्सिपेरम जातीची गोष्ट याहून वाईट. तिनें ग्रासलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींस चिकटून बसतात. प्लीहेंत जाऊन होणारा नाश त्या असा चुकवितात. म्हणून बोटाच्या थेंबांत जंतु थोडे दिसले तरी मेंदूंतील वाहिन्या तुंबलेल्या असूं शकतात. सुमारें 48 तासांनीं पेशी फुटून नवे जंतु निघतात. मधल्या वेळीं उतरलेल्या तापाचा भरंवसा तो काय?

आमच्याच बांधीवर एका पावसाळ्यांत असा एक पोरगा होता. ताप उतरलेला पाहून आम्हीं त्यास, "पऱ्हे संपेपर्यंत थांब," म्हटलें. तिसऱ्या दिवशीं त्याची शुद्ध हरपली. नाल्यास पूर; बाजेवर घालून चौघांनीं त्यास पलीकडे नेलें. तो वांचला, पण त्यांत आमची कांहीं कर्तबगारी नव्हती.

पर्लकोटेच्या पुरानें भामरागडाची वाट कित्येक पावसाळ्यांत बंद पडली आहे. तेव्हां ताप आल्याच्या पहिल्याच दिवशीं आशा कार्यकर्तीकडून मजुराचें रक्त तपासून घ्यावें. शेतावरच्या झोपडींत मच्छरदाणी द्यावी. आणि औषधाच्या तीन दिवसांची मजुरी कापूं नये. ती कापली जाईल या धाकानेंच तो ताप लपवितो.