बाईची वैरीण बाई, हे सांगणारा कोण?

आपल्या मीटिंगांत एक वाक्य फार स्वस्त झालंय. दोन पोरींचं बिनसलं, एकीनं दुसरीबद्दल वस्तीत काहीबाही पसरवलं, तिसरी अभ्यासवर्गाला यायची बंद झाली, की एखादा कार्यकर्ता गालात हसून म्हणतो, ‘बाईच बाईची वैरीण, आपण काय करणार?’ झालं. विषय संपला. पुढं वर्गणी, मंडप, डीजे.

भावांनो, हे वाक्य मनूच्या घरचं आहे. बाईचा स्वभावच वाईट, ती राखावीच लागते, असं ज्या पोथीत लिहिलंय ती 25 डिसेंबर 1927 ला महाडात जाळली. पोथीची राख झाली. तेवढं एक वाक्य मात्र तुम्ही खिशात घालून घरी आणलंत.

मी सूतगिरणीत वायंडिंगला आहे. शाळा लवकर सुटली, पुस्तकं नंतर वाचली. पण भांडण कुठं तयार होतं ते गिरणीत लवकर कळतं. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असायचा. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर उभा. आतला कुणी आजारी पडला, गावाला गेला, तर याला त्या दिवसाचं काम. नाहीतर चालता हो. असा माणूस रोज सकाळी मनात काय मागत असेल? शेजाऱ्याला ताप येऊ दे, हेच. तो काय जन्मानं नीच होता? गेटच तसं बांधलं होतं. बाहेर बदलीवाल्यांची गर्दी दिसली की आतला कायम कामगारही पगारवाढ मागताना कचरायचा. मालकाला दोघंही स्वस्त. बायांच्या खात्यांवर नायकीण असायची. कामाला लावायची आणि त्याचे पैसे खायची. बाया तिला शिव्या द्यायच्या, आणि द्यायलाच पाहिजेत. पण तिला तिथं बसवलं कुणी, हे कोण विचारणार?

आता आपलं गेट बघा. चौदा एप्रिलची कमिटी. पंधरा पोरं आणि एक ‘महिला प्रतिनिधी’. स्टेजवर माईक धरायला एक पोरगी. रॅलीत निळी साडी नेसून पुढं चालायला एक पोरगी. ती कोण, हे पोरं ठरवणार. कशावरून? रंगावरून. चार इंग्रजी शब्दांवरून. बापाला सरकारी नोकरी आहे का त्यावरून. एका जागेसाठी वस्तीतल्या वीस पोरी गेटवर उभ्या. मग त्या एकमेकींची साडी, चाल, फोन, मैत्री मोजणार नाहीत तर काय करतील? एकीला खाली पाडल्याशिवाय दुसरीला आत घ्यायचं नाही, हा नियम तुमचा. आणि नाव पोरींच्या स्वभावाचं.

बाबासाहेबांनी 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. वय 25. त्यात त्यांनी उघडं करून दाखवलं की जात टिकते ती जातीच्या आत लग्न लावून, आणि त्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह असले फास बाईच्या गळ्यात घातले. म्हणजे बाई ही जातीची कडी-कोयंडा. पुढं त्यांनी उतरंडीची विषमता समजावली. वर चढत जावं तसा मान वाढतो, खाली उतरावं तसा तिरस्कार. या उतरंडीत प्रत्येकाला लाथ मारायला खाली कुणीतरी दिलेलं असतं, म्हणून कुणीच उतरंड मोडत नाही. हेच पोरींना लावून बघा. गोरी सावळीला हसते. क्वार्टरमधली झोपडपट्टीतलीला हसते. कॉलेजची कारखान्यातलीला हसते. प्रत्येकीला वाटतं, आपण एक पायरी वर. जिना मात्र दुसऱ्याच्या मालकीचा.

या जिन्यावर धंदा चालतो. 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. जाहिरातीत काळी पोरगी रडकी, गोरी झाली की नोकरी आणि नवरा. 2020 साली जगभर ओरड झाली तेव्हा नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. नावातला गोरेपणा गेला, धंदा राहिला. पण नुसत्या कंपनीला शिव्या देऊन सुटका नाही. आपल्या बौद्ध वधू-वर मेळाव्याचे फॉर्म काढा. पंचशील म्हणून झालं की खाली ‘अपेक्षा : गोरी, सडपातळ’. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात कातडीचा रंग विचारतात! त्या घरची पोरगी मैत्रिणीचा फोटो बघून जळली, तर ती वैरीण?

फोनवरही तेच. कुणाच्या रीलला किती लाइक, हे बघणारी पोरगी उथळ, असं आपण म्हणतो. तिच्या कवितेला अंकात जागा नाही, तिच्या प्रश्नाला मीटिंगमध्ये उत्तर नाही. मोजलं जायची एकच जागा उरली, तिथं ती गेली.

आता उलट बाजूनं. काही बाया म्हणतात, जात सोडा, बाया बाया एक. हेही पुरतं खरं नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नव्हते. तुटलेला धागा थुंकीनं जोडावा लागे, त्याचा विटाळ. जास्त पगार तिथंच. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं ठेवला, की कामगार एक असतील तर हे दार बंद का? तोच प्रश्न बायांना. डॉक्टर पायल तडवी, आदिवासी घरातली पोरगी, बाळंतपणाची डॉक्टरकी शिकत होती. 22 मे 2019 ला मुंबईत हॉस्टेलच्या खोलीत तिनं जीव दिला. तीन सीनियर डॉक्टर बायांवर जातीवरून छळल्याचा आरोप झाला, अटक झाली, आरोपपत्र दाखल झालं. अशा वेळी ‘पोरीपोरींची चढाओढ’ म्हणणं म्हणजे अत्याचाराला चादर घालणं. बरोबरीच्यांत होते ती चढाओढ. वरचीनं खालचीला जातीवरून चिरडलं, तर त्याला ॲट्रॉसिटी म्हणतात. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं पोरींना उपदेश करू नये.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच महाडला बायांना चांगलं लुगडं नेसायला सांगितलं, मग नटण्याला नावं का ठेवता? नटण्याला नावं ठेवलीच नाहीत. 1927 ला त्यांनी सांगितलं ते असं, की लुगडं वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा, गळ्याहातातलं जातीची ओळख सांगणारं ओझं टाका. ते सगळ्यांनी मिळून डाग पुसायला होतं. शेजारणीला खिजवायला नव्हतं.

आणि आपल्या बाया काय करू शकतात ते बघा. 20 जुलै 1942, नागपूर, दलित महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया. घटस्फोटाचा हक्क मागितला, एकीवर दुसरी आणण्याला बंदी मागितली, गिरणी-विडी कामगार बायांना हक्काची रजा मागितली. त्यांच्यात हेवेदावे नव्हते? असणारच. बेबीताई कांबळेंनी ‘जिणं आमुचं’मध्ये सासवा सुनांना कशा छळायच्या ते झाकलं नाही. पण परिषदेत जागा एकीला नव्हती, सगळ्यांना होती. जागा असली की माणूस मागणी करतो. नसली की चहाडी करतो.

आजचं बघायचं तर तामिळनाडूत दिंडीगुलला बघा. कपड्याच्या कारखान्यात टार्गेटवर एकमेकींशी तोडलेल्या पोरी. जानेवारी 2021 मध्ये त्यांतल्या एका दलित कामगार पोरीचा खून झाला, सुपरवायझरच्या हातून. बायांनी चालवलेल्या युनियननं लढा दिला आणि एप्रिल 2022 मध्ये करार करून घेतला. खात्याखात्यात बायाच छळावर नजर ठेवणार. त्या पोरींचा स्वभाव वर्षात बदलला काय? गेट बदललं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कमिटीत निम्म्या पोरी. माईक पाळीपाळीनं, सावळी-गोरी न बघता. मेळाव्याच्या फॉर्मवरून रंग खोडा. अभ्यासवर्गाची वेळ पाळीच्या पोरींना विचारून ठरवा. एखादीबद्दल वस्तीत वाईट बोललं गेलं तर ते पोरींचं म्हणून सोडू नका. पहिलं कोण बोललं ते शोधा. बऱ्याचदा तोंड आपल्याच पोराचं निघेल.

आणि पोरींनो, तुम्हालाही सांगते. हसणं आलं तर आधी बघा, आपण कुठल्या पायरीवर उभं राहून हसतोय. ज्या पोरीला आज खाली ढकलाल तिच्याच जागेवर उद्या तुम्हाला उभं करतील. बदलीच्या गेटवर कुणी कायम होत नसतं.

येत्या मीटिंगला आम्ही सातजणी येतोय. एकच खुर्ची ठेवाल तर ती घेऊन जा. आम्ही सतरंजी आणतोय.

जय भीम.