गाडीचा रंग, गल्लीतला फवारा आणि आपली फुप्फुसं

मंडळी, पाऊस पूर्ण गेला की आपल्या कोनमध्ये एक हंगाम सुरू होतो. कल्याण-भिवंडी रस्त्याच्या कडेला, चाळीच्या मागे, गाळ्याच्या शटरसमोर गाड्या उभ्या राहतात. काचांवर जुनी वर्तमानपत्रं, चाकांवर गोणपाट, आणि दिवसभर कॉम्प्रेसरची घरघर. कुणाचा टेम्पो पासिंगला जायचाय, कुणाची रिक्षा, कुणाची पंधरा वर्षं झालेली कार. २०२२ च्या एप्रिलमध्ये पंधरा वर्षांवरच्या खासगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. त्यावर डेंटिंग-पेंटिंगवाल्याचा आकडा ऐकला की माणूस म्हणतो, सोडा, मीच मारतो रंग.

मीही म्हटलं होतं. आणि तोंडावर आपटलो होतो.

दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो, "लिटरला काय भाव?" चूक तिथूनच सुरू होते. समोर तीन जातीचे डबे असतात. सगळ्यात स्वस्त सिंथेटिक इनॅमल, म्हणजे घराच्या ग्रीलला मारतात तोच. तो सुकायला तासन्‌तास लागतात. तोवर रस्त्यावरची धूळ, त्यात आता मेट्रो ५ च्या कामाची धूळ, सगळी त्यावर बसते. दुसरा एनसी, ज्याला आपण ड्यूको म्हणतो. मिनिटांत सुकतो, धूळ बसली तरी घासून पॉलिश करता येतो, बिघडला तर पुन्हा मारता येतो. पण उन्हात लवकर फिका पडतो आणि त्यावर पेट्रोल सांडलं की डाग. तिसरा पीयू, हार्डनर घालून मारायचा. महाग, पण वर्षानुवर्षं टिकतो.

माझ्या गाडीवर मी एनसी मारला. अर्ध्या बॉनेटवर गन फिरवली आणि डोळ्यांदेखत खालचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. आधीच्या मालकाने कधीतरी इनॅमल फासून ठेवला होता आणि एनसीच्या थिनरने तो उचलला. रविवार गेला, थिनर गेला, नंतर दोन आठवडे ते खरवडत बसलो. हे टाळायला दोन मिनिटं पुरतात. फडक्यावर एनसी थिनर घ्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासा. रंग विरघळून फडक्यावर आला तर एनसी. सुरकुतला तर इनॅमल, तो पूर्ण काढल्याशिवाय वर काही मारू नका. काहीच झालं नाही तर पीयू किंवा कंपनीचा मूळ रंग, नीट घासून त्यावर काम करता येतं.

पैसे वाचवायचेच असतील तर रंग बदलू नका. आहे तोच ठेवा, म्हणजे दरवाज्याच्या आतली बाजू, डिकीची कड रंगवायची गरज उरत नाही. आरसी बुकात रंगाची नोंद असते, बदललात तर आरटीओला कळवणं आलं. (आणि ऑलिव्ह ग्रीन तर नकोच. तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२१ वा नियम आहे.) पांढरी गाडी असेल तर तुम्ही नशीबवान. साधा पांढरा एकाच थरात होतो, वर क्लिअर लागत नाही. सिल्व्हर किंवा मेटॅलिकच्या वाटेला घरी जाऊ नका. गन थोडी लांब गेली, हवेचा दाब थोडा बदलला की शेड वेगळी दिसते, दरवाजा एक रंगाचा आणि फेंडर दुसऱ्या. दुकानदाराला नुसतं "मारुतीचा पांढरा" सांगू नका, गाडीवरच्या पट्टीवरचा कलर कोड सांगा.

लिटरच्या भावात वाचवा, पण गंजाखालच्या प्रायमरमध्ये नाही. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर. पुट्टी पाणी शोषते, नुसत्या गंजावर ती थापली तर पुढच्या जूनमध्ये फोड आलेच म्हणून समजा. आणि दमट हवेत एनसी मारूच नका, थिनर उडताना पत्रा गार पडतो, बाष्प धरतो, रंगावर पांढुरकी झाक येते.

हे झालं गाडीचं. आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो ते.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते छातीत गेलं तर दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही श्वास कोंडतो. ते हवेत आहे हे वासावरून कळेलच असं नाही. तोंडाला बांधलेला रुमाल तर सोडाच, कोविडातला एन-९५ सुद्धा त्याची वाफ अडवत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. आपल्या रस्त्यावर गन धरणाऱ्या पोरांपैकी कुणाच्या तोंडावर तुम्ही तो पाहिलाय? मी नाही पाहिला. आणि तो फवारा त्या पोरापाशी थांबत नाही. शेजारच्या खिडकीत जातो, जिथे तान्हं मूल झोपलेलं असतं किंवा गॅसवर भात चढवलेला असतो. थिनरच्या वाफेला तर ठिणगी पुरते. भिवंडीतल्या गोडाऊनच्या आगी आपण इतक्या पाहिल्यात की हे वेगळं समजवायला नको.

शिसं आणखी एक. २०१६ चे नियम रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालतात, पण ते घरगुती आणि सजावटीच्या रंगांना लागू आहेत. गाडीचा रंग त्यात येत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून वॉटर पेपरनेच घासा, आणि पोरांना लांब ठेवा.

म्हणून माझं मत असं की घासणं, पुट्टी, प्रायमरनंतरची घसाई, चिकटपट्ट्या लावणं हे सगळं घरी करा, मजुरीचा मोठा भाग त्यातच असतो. पण पीयूचा शेवटचा हात वस्तीत नको, बूथ असलेल्या ठिकाणीच मारून घ्या. बूथचा खर्च परवडत नसेल तर एखादा दरवाजा ड्यूकोने करा, तोही मोकळ्या जागेत, चुलीपासून लांब.

आणि ग्रामपंचायतीकडे एक मागणी. आपल्या पंचक्रोशीत गोडाऊनना जागा कमी पडत नाही. मग वस्तीबाहेर एक शेड, त्याला एक्झॉस्ट फॅन आणि फिल्टर, दोन बरे मास्क, आणि तासावर भाडं, एवढं होणार नाही का? रिक्षावाले, टेम्पोवाले भाडं देतील, कारण पासिंग त्यांना चुकत नाही. नुसती नोटीस काढून रस्त्यावरच्या पोरांना हाकललं तर ती दोन गल्ल्या आत जाऊन मारतील, बंद खोलीत. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देतोय. ज्यांची सही हवी असेल त्यांना स्वतः भेटेन, पण कुणाला गॅरेजातल्या पोरांशी आधी बोलता आलं तर बरं होईल, त्यांना काय हवंय ते त्यांच्याकडूनच कळू दे.