एकटीला परवानगी, दोघींना मज्जाव

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांना यश येऊन टेस्ट ट्यूब पद्धतीने एका मुलीचा जन्म झाला, तेव्हा साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले. ते रुग्णालय महापालिकेचे, म्हणजे करदात्या मुंबईकरांचे. आज अंधेरी-बोरिवलीत किंवा घाटकोपर-मुलुंडमध्ये वंध्यत्व निवारण केंद्राची पाटी दिसली, तर कोणी वळूनही पाहत नाही. विज्ञानाने उघडलेल्या या दारावर पहारा आहे तो मात्र कायद्याचा.

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा २०२१ चा कायदा २०२२ च्या जानेवारीत अमलात आला. त्यानुसार हे उपचार विवाहित दांपत्याला घेता येतात, तसेच २१ ते ५० वर्षे वयाच्या एकट्या स्त्रीलाही घेता येतात. एकट्या पुरुषाला त्यात स्थान नाही. सरोगसीची वाट विवाहित दांपत्य आणि ३५ ते ४५ वर्षांच्या विधवा वा घटस्फोटित स्त्रिया यांच्यापुरतीच ठेवलेली आहे. समलिंगी जोडप्याला विवाह करता येत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो हक्क नाकारला. अविवाहित जोडप्याला एकत्रितपणे मूल दत्तक घेऊ न देणारा नियमही तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने कायम राहिला. जे दार केवळ विवाहाच्या किल्लीने उघडते, त्याची किल्लीच ज्यांना मिळत नाही, त्यांनी करावे काय?

घाटकोपरच्या एखाद्या चाळीत एकत्र संसार करणाऱ्या दोन स्त्रियांची कल्पना करावी. त्यांतील एकीने 'एकटी स्त्री' म्हणून उपचार घेतले, तर कायद्याची हरकत नाही. मूल जन्माला येईल, दोघी मिळून त्याला वाढवतील. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्याला आई एकच. शाळेच्या अर्जावर दुसरीला जागा नाही. जन्मदात्रीचा अकाली मृत्यू झाला, तर ज्या हातांनी मुलाला रोज भरवले, त्या हातांना त्याच्यावर आपोआप कोणताही हक्क पोहोचत नाही. ही शिक्षा दोघींना झाली असे वरवर दिसते. प्रत्यक्षात ती भोगावी लागते त्या निरपराध मुलाला.

मुलाला आई आणि वडील दोघेही हवेत, असा आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिक असू शकेल. पण एकट्या स्त्रीला परवानगी देऊन संसदेनेच तो बाजूला सारला आहे. एकटीच्या घरात मूल सुरक्षित मानायचे आणि दोघींच्या घरात मानायचे नाही, यात तर्क कोणता?

विम्याची कथा याहून वेगळी नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवादांत वंध्यत्वावरील उपचारांचा समावेश आहे. त्यामुळे बहुतेक पॉलिसीधारकांना, मग ते विवाहित असोत वा नसोत, हा खर्च स्वतःच सोसावा लागतो. ही समानता खरी, पण ती नकाराची. हा अपवाद उद्या शिथिल झाला, तर वंध्यत्वाची व्याख्या कोणती, हा प्रश्न पुढे येईल. आपल्या कायद्यातील व्याख्येचा एक निकष एका वर्षाच्या शरीरसंबंधानंतरही गर्भधारणा न होणे हा आहे; समलिंगी जोडपे त्यात बसणारच नाही. कॅलिफोर्नियाने हा पेच ओळखून व्याख्या व्यापक केली आणि १ जानेवारी २०२६ पासून मोठ्या गटविम्यांना हे उपचार बंधनकारक केले. आपल्याकडेही २०२१ मध्ये अ‍ॅक्सिस बँकेने कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना वैद्यकीय विम्यात सामावून घेतले. विमा व्यवसाय त्यामुळे बुडाला नाही.

न्यायालयात दिलेल्या आश्वासनानुसार केंद्राने २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. संयुक्त बँक खाते आणि शिधापत्रिका यांबाबत त्याच वर्षी स्पष्टीकरणेही निघाली. शिधापत्रिकेवर ज्यांना एक कुटुंब मानता येते, त्यांना पाळण्यापाशी परके ठरविणे शोभत नाही. विवाहाचा वाद मिटेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. एकट्या स्त्रीला आहे तीच मुभा एकट्या पुरुषाला देणे, आणि मुलाला वाढविणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला पालक म्हणून मान्यता देणे, एवढी दुरुस्ती संसदेच्या हाती आहे. मूल कायदा वाचून जन्माला येत नाही. म्हणून कायद्यानेच आधी त्याचा विचार करावयास हवा.