पिशवींतील दोन वजनें

व्यापार विश्वासावर चालतो, हें वाक्य सर्वांच्या तोंडीं असतें. पण तो विश्वास नेमका कोठें ठेवावा लागतो, याचा विचार थोडेच करितात. आमच्या वैभववाडीहून करूळचा घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापुरास हापूसच्या पेट्या जातात. बंद पेटीच्या खालच्या थरांत काय आहे, हें घेणाऱ्यास दिसत नाहीं. ज्याला तपासतां येत नाहीं त्याच्याशीं आपण कसे वागतों, हीच व्यापारांतील नीतीची खरी कसोटी होय.

पवित्र शास्त्रांत, अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायांत, पिशवींत एक मोठें व एक लहान अशीं दोन वजनें बाळगूं नयेत अशी आज्ञा आहे. तिचें मर्म हें कीं, दोष खोट्या वजनानें तोलण्यापुरताच नाहीं. तें जवळ ठेवण्यांतही आहे. आमोस संदेष्ट्यानें तर, शब्बाथ केव्हां संपेल आणि लहान मापानें धान्य केव्हां विकूं, अशी वाट पाहणाऱ्यांचा कडक निषेध केला. देवाची उपासना एकीकडे आणि दुकान दुसरीकडे, ही वांटणी त्याला मान्य नव्हती.

१९५६ च्या कायद्यानें शेर-पायली मागें पडून किलोग्रॅम-लिटर आले. वजनांवर सरकारी शिक्का असतो. तरी दुसरें वजन गेलें नाहीं. त्यानें केवळ रूप पालटलें. २०१८ सालीं हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें. तें सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे व पालघर या पांच जिल्ह्यांच्या फळापुरतें आहे. असें असूनही कर्नाटकाचा आंबा देवगडचा म्हणून विकल्याच्या तक्रारी होतात. त्या आंब्यांत कांहीं वाईट नाहीं. खोटी आहे ती पेटीवरील चिठ्ठी.

कोणी म्हणतील, एकट्यानें सचोटी धरिली तर तो बुडेल. तोटा होऊं शकतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. जक्कयानेंही तो पत्करिला. अन्यायानें घेतलेलें चौपट परत करण्याचें त्यानें कबूल केलें. परंतु लबाडीचाही तोटा असतोच. तो खरा माल पिकविणाऱ्याच्या अंगावर पडतो, एवढेंच.

घेणाराही यांतून सुटत नाहीं. माल वाईट म्हणून भाव पाडावयाचा आणि घरीं जाऊन स्वस्त मिळाल्याची बढाई मारावयाची, ही लबाडी नीतिसूत्रकारानें विसाव्या अध्यायांत नेमकी टिपली आहे. आमच्या वाचकांपैकीं कांहीं उद्यां बागाईतदार होतील, कांहीं दुकानदार. ग्राहक तर सर्वच आहेत. त्या प्रत्येकानें काटा हातीं धरण्यापूर्वीं आपली पिशवी एकदां उलटी करून पाहावी.